वडवणीचा घरकोंबडा

रंगभूमीवर मी राजे केले, ऋषी केले, अंगकाठी बारीक होती तोवर राण्याही केल्या. कितीतरी नाटकं बसवली. पण ज्या एका प्रयोगाची आठवण झाली की आजही, ऐंशीच्या घरात, मला एकट्यालाच हसू फुटतं, त्याचा नायक नट नव्हता. अमरनाथ त्याचं नाव. मुक्काम वडवणी. उद्योग विचाराल तर घर सांभाळणे.

आमची कंपनी जत्रांमधून तंबू ठोकून नाटकं करायची. आधी गावोगाव व्हिडिओ आला, मग केबल आली, आणि तंबूत रंग लावलेली माणसं जास्त, बघणारी कमी अशी वेळ आली. मालकाने पडदे विकून टाकले. मी माझी ट्रंक घेऊन वडवणीच्या स्टँडवर उतरलो. साल चौऱ्याण्णव असेल नाहीतर पंच्याण्णव. स्टँडसमोर एसटीडीची पिवळी पाटी नवीनच लागली होती आणि दुकानांच्या दारांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, जणू रोजच गावात कुणाचं तरी लग्न.

एका वाण्याच्या दुकानामागे भाड्याची खोली मिळाली. गादीवर शिवम्मा बसलेली. कपाळाला विभूती, समोर तराजू, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाने उठून नमस्कार करावा. तिच्याकडून किल्ली घेऊन मागे गेलो तर अंगणात एक गोरटेला माणूस माठ उपडा घालून काथ्याने घासत होता.

"फुटला काय?" मी विचारलं.

"फुटला न्हाई, दमला," तो म्हणाला. "पाणी गार करीना. बारीक भोकं असत्यात ना त्याला, ती बुजली. पाणी झिरपलं तर गार व्हणार. मीठ लावून घासला की परत श्वास घेतोय बघा."

मला वाटलं, घरचा गडी. मी त्याला ट्रंक उचलायला सांगितली आणि त्याने ती मुकाट उचलली. खोलीत ठेवता ठेवता कुलूप अडकतंय हे त्याच्या लक्षात आलं. मी तेल मागितलं.

"तेल नका घालू, धूळ चिकटून बसती. शिसपेन्सिल हाय का?" पेन्सिलीचं टोक खरवडून त्याने ती काळी भुकटी किल्लीला लावली, किल्ली दोन-तीनदा फिरवली, आणि माझं वीस वर्षं कुरकुरणारं कुलूप लोण्यासारखं उघडलं. तेवढ्यात दुकानातून हाक आली, "अहो, मास्तरांना च्या द्या!" तेव्हा मला कळलं की मी घरमालकाच्या डोक्यावर ट्रंक दिली होती.

अमरनाथ असा घरात कसा बसला, ते सांगायला हवं. वडील गेल्यावर दुकानात तोच बसायचा. पण कुणी भांड्यांची पावडर मागायला आलं की हा विचारायचा, "कावून? तांब्या-पितळंला? मग चिंचंचा चोथा टाकता कशाला? त्याला मीठ लावा अन् घासा." साबण मागितला की हा सांगायचा, "साबणाच्या चिपट्या राहिल्या असतील की घरी. जुन्या मोज्यात भरा, गाठ मारा, महिनाभर जातंय." गिऱ्हाईक खूश होऊन रिकाम्या हाताने घरी जायचं. नव्याने नांदायला आलेल्या शिवम्माने हे एक पावसाळा पाहिलं. मग एके दिवशी तराजू स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "तुमी आत जा, मी भायेर बसते." दुकान सावरलं. घर तर असं सावरलं की विचारू नका. डाळीला कीड नाही, दूध कधी करपलं नाही, कारण भांडं आधी पाण्याने विसळून मगच त्यात दूध ओतायचं हा त्याचा नेम. दुपारी तो पुड्या बांधायच्या रद्दीतलं एक एक पान वाचायचा आणि वाचलेलं सगळं करून बघायचा. कांद्याजवळ बटाटे ठेवले तर लवकर मोडावतात असं कुठंसं छापलेलं होतं. याने दोन टोपल्या मांडल्या, एक कांद्याशेजारी, एक लांब कोनाड्यात. रोज सकाळी बघायचा. खरं निघालं तेव्हा एखाद्याला मुलगा झाल्यासारखा तो मला हाक मारायला आला.

नवरा-बायको दोघं सुखी होते. गावाला तेवढं सुख सोसवेना. गावात त्याला घरकोंबडा म्हणायचे. समोरचा हॉटेलवाला मुंजाजी रोज ओरडायचा, "अमरनाथ, आज अंडं दिलं का बे?"

"दिलं की! उबवायला तुझ्याकडं पाठवू का?"

हसण्यावारी नेत असे तो. पण एक गोष्ट हसण्यावारी जाईना. त्याची एकुलती एक मुलगी, शिवकन्या. तिला पाहायला येणारी एक चांगली मंडळी ऐनवेळी आलीच नाही. बाप चुलीपाशी आणि आई गल्ल्यावर, असल्या घरातली पोरगी नको, असा निरोप आला. आता तलवाड्याचं स्थळ होतं. तिथल्या कापडवाल्या पंचाक्षरींचा मुलगा रुद्रेश. एका नात्यातल्या लग्नात शिवकन्येने आणि त्याने एकमेकांना पाहिलं होतं, आणि त्या लग्नात नवरा-नवरीचं नाव काय, हे दोघांनाही नंतर सांगता आलं नव्हतं. तिने आईला स्वच्छ सांगितलं होतं, "करीन तर तिथंच."

रविवारी पाहुणे येणार, हा निरोप घेऊन शिवम्माचा भाऊ त्रिंबक आला. अमरनाथ सुपात गहू पाखडत होता. त्रिंबक जरा घुटमळला आणि म्हणाला, "दाजी, तेवढा एक दिस तुमी माणसावानी बसा."

सूप थांबलं. मला वाटलं आता हा उसळेल. तो एवढंच म्हणाला, "बसतो की. पोरीसाठी बसायचं काय, उभा बी ऱ्हायीन." आणि संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, मला बाप्या करा."

मायबाप, इतकी वर्षं मी नाटकात काढली, पण कुठल्या नटाने माझ्याकडे असली भूमिका मागितली नव्हती. माझ्या अंगात एकदम जुनी कंपनी संचारली. ट्रंकेतून सावकाराच्या भूमिकेतला काळा कोट काढला, टोपी काढली. अमरनाथने पायावर पाय टाकून कसं बसायचं, घसा कसा खाकरायचा, पाणी हवं असेल तर स्वतः न उठता आत बघून "अगं" असं कसं ओरडायचं, सगळं बसवलं. संवाद त्याला एकच दिला. काहीही विचारलं तरी म्हणायचं, "बाजार लई मंदा हाय." मी खोकलो तर लगेच गप्प व्हायचं. "अगं" म्हणताना मात्र तो दरवेळी अर्धा उठायचा. उठलाच आहे तर पाणी आपणच आणावं, असं त्याला वाटायचं.

शिवम्माला बिचारीला स्वयंपाकघरात वावरायला शिकवलं. मिठाचा डबा कोणता, हे तिला त्या आठवड्यात कळलं. शिवकन्या दाराआडून आमच्या तालमी बघायची आणि तोंडात पदर कोंबून हसायची.

रविवार उजाडला. चैत्राचं ऊन. स्वयंपाक पहाटेच अमरनाथने उरकून ठेवला होता. अंगात कोट चढवला आणि तो बैठकीत जाऊन बसला. दुकान बंद. मी नात्यातला माणूस म्हणून दाराशी खोकायला बसलो.

पाहुणे आले. पंचाक्षरी धिप्पाड, मिशा दाट, बोलणं मोजकं. कावेरीबाई ठेंगण्या, डोळे सगळीकडे फिरणारे, अंगावर मोतिया रंगाची सुती साडी. रुद्रेश मान खाली घालून बसला होता, पण कान आतल्या दाराकडे.

"काय अमरनाथराव, बाजार कसा हाय?" पंचाक्षरींनी विचारलं.

अमरनाथने घसा खाकरला. "लई मंदा हाय."

वा! माझा ऊर भरून आला.

"तूर धरून ठेवलीय का?"

"ठेवलीय. बाजार मंदा हाय."

"मग किडत न्हाई का?"

मी खोकलो. पण गाडी सुटली होती. "कावून किडंल? कडक ऊन द्यायचं, गार झाली की एरंडेलाचा हात लावायचा, अन् डब्यात..." मी असा खोकलो की त्रिंबकने माझी पाठ चोळली. अमरनाथ भानावर आला. "असं गडी करत्यात. गड्यांना सांगितलंय म्या."

आतून पाणी घेऊन आलेल्या शिवम्माचीही तऱ्हा तीच. रुद्रेशच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि सवयीने हात पुढे करून म्हणाली, "सुटे असतील तर बघा." बिचाऱ्या पोराचा हात खरंच खिशाकडे गेला. दाराआड कुणीतरी फुस्सकन हसलं. रुद्रेशने तिकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

पाहुण्यांना बसने परत जायचं होतं म्हणून सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं. पुरणपोळी, भात, वरण. शिवम्मा वाढायला आली. आता ऐका. ज्या बाईने वीस वर्षं मापाने तेल ओतलंय ती वरण कसं ओतणार? वरून, उंचावरून, धार धरून! वरण भातावर पडलं आणि तिथून उडून सरळ कावेरीबाईंच्या मोतिया पदरावर.

सगळे हात थांबले. शिवम्माला वाटलं, खऱ्या गृहिणीची परीक्षा ती हीच. ती धावत मोरीवर गेली, साबणाची वडी आणली आणि पदराला खसाखसा चोळली.

पिवळा डाग आमच्या देखत लालभडक झाला.

"अगं बाई! रक्त!" कावेरीबाई ओरडल्या. पंचाक्षरी ताटावरून अर्धे उठले. सोयरिकीच्या पहिल्या पंगतीत पाहुणीच्या पदराला रक्ताचा डाग! त्रिंबकने तर हातच जोडले. शिवम्मा वडी धरून नुसती उभी, आणि दारात आलेल्या शिवकन्येचा चेहरा पांढराफटक. मला खोकायचंही सुचलं नाही.

"साबण कुणी लावला? काढा, काढा!" आवाज अमरनाथचा. कोटाच्या बाह्या वर सारून तो पंगतीतून उठला होता. "रक्त न्हाई ताई ते. हळद हाय. हळदीला साबण लागला की लाल व्हती, लिंबानं परत पिवळी व्हती, अन् उन्हानं जाती. पदर धरा असा." आपल्या ताटातली लिंबाची फोड उचलून त्याने त्या डागावर पिळली. जिथे जिथे थेंब पडला तिथे तिथे लाल विरून पिवळं उमटत गेलं. हळद आणि चुन्याचं रक्त मी जन्मभर अंगाला फासून मेलो होतो, पण असा प्रवेश कधी पाहिला नव्हता.

इथवरही निभावलं असतं. पण तो आता थांबेना. "शिवम्मा, ताईंना नेसायला तुझी निळी दे. लोखंडी कपाटात, खालच्या फळीवर, कडू लिंबाचा पाला घातलाय त्याच्या खाली."

"कोणती फळी?" शिवम्मा म्हणाली.

पंचाक्षरींनी दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. "बायकोची साडी कुठं हाय ते तुमाला ठाव, अन् तिला न्हाई?"

"दाजी लई हुशार हायत," त्रिंबक पुटपुटला. कुणी ऐकलं नाही.

अमरनाथने टोपी काढली. माझा कोट काढला, नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "पाव्हणं, आज जेवलात तो सैपाक म्या केलाय. घर मी बघतो, दुकान हिचं हाय. गाव मला घरकोंबडा म्हणतंय. पोरीचं मोडू नये म्हणून हे सोंग घेतलं, ते बी जमलं न्हाई. काय बोलायचं ते बोला. पण आधी साडी उन्हात टाकू द्या, डाग बसला तर मग जाता जात न्हाई."

पंचाक्षरींनी हात धुतले. "चला," ते बायकोला म्हणाले.

"कुठं चला?" कावेरीबाई म्हणाल्या. "मी काय लोकाच्या साडीवर गावाला येऊ? वाळू द्या आधी."

आणि मायबाप, अशा रीतीने एका मुलीचं लग्न अंगणातल्या दोरीवर टांगलं गेलं. साडी धुऊन, डाग सूर्याकडे करून अमरनाथने ती पसरली. वाळत आली की पुन्हा ओला हात फिरवायचा, पुन्हा ऊन द्यायचं. पंचाक्षरी ओट्यावर घराकडे पाठ करून बसले. रुद्रेश दोरीजवळच्या सावलीत. तो साडीकडे असा बघत होता की त्याच्या नजरेनेच डाग जावा.

निळ्या साडीतल्या कावेरीबाई मात्र स्वयंपाकघरात शिरल्या. एक एक डबा उघडून पाहिला. तुरीच्या डाळीत हात घातला, बोटांचा वास घेतला. एरंडेल. "वरण तुमी केलतं?" त्यांनी अमरनाथला विचारलं.

"व्हय."

"पोळ्या बी?"

"पुरण बी. शेंगदाण्याची चटणी तेवढी पोरीनं केली."

त्या शिवकन्येकडे वळल्या. "अन् तुला काय येतंय गं?"

"दुकान आईकडनं शिकले, घर आप्पांकडनं," शिवकन्या म्हणाली. आवाज आईचा होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "दोन्ही येतंय. सोंग घ्यायला तेवढं आमच्या घरात कुणालाच येत न्हाई, ते बघितलंच तुमी."

कावेरीबाई ओट्यावर गेल्या. "ऐकलं का? आपल्या दुकानात चार दिस मी बसते म्हणलं, तर तुमी काय म्हणलात? बायकांना मीटर कळत न्हाई म्हणलात. हिथं बघा, बाईनं दुकान चालवलंय अन् घरात उपाशी कुणी दिसत न्हाई."

"चुलीचं मला काय न्हाई," पंचाक्षरी घराकडे न वळता म्हणाले. "कुणी बी रांधा. पण पोरगी देणारं घर आमच्याशी खोटं बोललं. ते मला रुचलं न्हाई."

हे मात्र खरं होतं. मी सगळ्या नाटकांतले संवाद मनातल्या मनात चाळले, एकही लागू पडेना. अमरनाथ हात पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बोललो की," तो म्हणाला. "पर टिकलं किती? तुरीपाशीच फुटलं."

पंचाक्षरींची मिशी हलली. त्यांनी ती आवरायचा प्रयत्न केला. "अन् गडी करत्यात म्हणं!" त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग तो धिप्पाड माणूस असा हसत सुटला की हॉटेलातून मुंजाजी बाहेर आला. "पोराकडं सुटे मागितले हो सासूनं! अहो, इतकं वाईट खोटं बोलणारं घर मी आयुष्यात बघितलं न्हाई. असल्यांना काय भ्यायचं? जन्मात कधी काय लपवलं तरी पहिल्या घासाला कळंल आपल्याला."

ऊन उतरणीला लागलं तेव्हा कावेरीबाईंनी साडी दोरीवरून काढली. पदर उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "कुठं हुता वो डाग?" त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं. कुणालाच नक्की सांगता येईना. मी एका ठिकाणी बोट ठेवलं, शिवम्माने दुसऱ्या. त्यांनी साडी घडी घालून कडेला ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बघता काय? सुपारी फोडा."

सुपारी फुटली. शिवकन्येने सगळ्यांच्या पाया पडताना रुद्रेशच्या समोर क्षणभर थांबून हळूच म्हटलं, "सुटे राहिले तुमचे," आणि पळाली.

या सगळ्यात शेवटची बस निघून गेली. पाहुणे मुक्कामाला राहिले. शिवम्माने तेवढ्यात दुकानाची फळी काढून संध्याकाळचं गिऱ्हाईक उरकायला सुरुवात केली, आणि होणाऱ्या विहीणबाई तिच्या शेजारी गादीवर जाऊन बसल्या, मापं कशी धरायची ते बघत. दिवेलागणीला अमरनाथ चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसला. पंचाक्षरी दाराला टेकून त्याच्या हातांकडे बघत होते. मग घसा खाकरला.

"याही, एक विचारू? आमच्या घरची भाकर कवा फुगती, कवा न्हाई. असं कावून?"

"पीठ कढत पाण्यात मळा," अमरनाथ म्हणाला. "तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकायच्या आत उलटा. अन् मग जाळावर धरली की..."

"की काय?"

"की गप ऱ्हा. तिच्याकडं बघा. माणूस बोलण्यात गुतला की भाकर करपती."

पंचाक्षरी खाली बसले. रुद्रेश बसला, मीही बसलो. अमरनाथने भाकरी तव्यावरून काढून जाळाला लावली. आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो. भाकरी एका कडेने हळूच उचलली गेली, आणि मग टम्म फुगली.